चौसष्ट रुपये दहा पैसे

२,३४० किलो द्राक्षं, भाव ६४ रुपये १० पैसे. फोनच्या कॅल्क्युलेटरवर १,४९,९९४ येतात. शेतकऱ्याच्या हातातल्या हिशोबपट्टीवर छापले होते १,४९,९७०.६०. फरक २३ रुपये ४० पैशांचा. पॅकहाऊसच्या अकाउंटंट काकांनी पावती स्क्रीनवर उघडली, तर तिथे १,४९,९९४ बरोबर दिसत होते. प्रिंट काढली की परत १,४९,९७०.६०. त्यांच्या ॲप्लिकेशनची देखभाल आमच्याकडे, म्हणून काकांनी आम्हाला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी शेठचा फोन: "पुढच्या सीझनला असं होणार नाही, हे मला लेखी पाहिजे."

लेखी म्हणजे युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं उत्तर बरोबर येतं का ते तपासणारा छोटा कोड, असा अर्थ मी लावला. तो बरोबर होता का, यावर अजून विचार चालू आहे.

ॲप्लिकेशन आमचं नाही. दिंडोरी रस्त्यावरच्या या पॅकहाऊससाठी ते आधी कोणीतरी लिहिलेलं, देखभाल आमच्याकडे आलेली. पीएचपी ७.४, फ्रेमवर्क नाही, अपाची, मायएसक्यूएल. गाडी आली की क्रेट मोजायचे, एकूण वजनातून क्रेटमागे १.८ किलो वजा करायचे, उरलेल्याला भाव लावायचा. या गाडीत १३० क्रेट, एकूण २,५७४ किलो, क्रेटचे २३४ वजा, राहिले २,३४०. पाचवीतल्या मुलालाही जमेल असं गणित, पण ते १,९०० ओळींच्या एका फाइलमध्ये एचटीएमएल, एसक्यूएल आणि लॉगिनच्या तपासणीच्या मधोमध बसलेलं.

माझ्याबरोबर एक ज्युनियर मुलगा होता. त्याने सकाळीच पीएचपीयुनिट, म्हणजे पीएचपीच्या टेस्ट चालवणारं साधन, टाकलं. त्याच्या लॅपटॉपवर पीएचपी ८.३, त्यामुळे कंपोजरने (पीएचपीची पॅकेजं आणणाऱ्या साधनाने) त्याला साजेसं नवं व्हर्जन आणलं आणि कुठलं व्हर्जन घ्यायचं ते ठरवणाऱ्या लॉक फाइलमध्ये तेच नोंदवलं. सर्व्हरच्या ७.४ वर ती लॉक फाइल चालणं शक्यच नव्हतं. पीएचपीयुनिट १० ला किमान पीएचपी ८.१ लागतं, ११ ला ८.२, १२ ला ८.३. ७.४ साठी ९.६ हीच शेवटची ओळ. कंपोजरच्या कॉन्फिगमध्ये प्लॅटफॉर्म पीएचपी ७.४.३३ असं लिहून ठेवलं की लॅपटॉपवर काहीही असो, तो सर्व्हरचाच विचार करून पॅकेज निवडतो. ही एक ओळ पहिल्या दिवशी लिहिली नाही तर पुढे प्रत्येक नव्या माणसाबरोबर हाच गोंधळ होतो. टेस्टिंगच्या मशीनवर पीएचपीची एक्सएमएल आणि एमबीस्ट्रिंग ही एक्स्टेन्शन्स वेगळी टाकावी लागली. उबुंटूवर ती पीएचपीबरोबर आपोआप येत नाहीत.

पीएचपीयुनिट नेहमी डेव्हच्या, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत टाकायचं, आणि सर्व्हरवर कंपोजर इन्स्टॉल करताना नो-डेव्ह लावायचं. इथे मी कोणाचंही ऐकत नाही. पीएचपीयुनिटच्या जुन्या व्हर्जनांमध्ये इव्हॅल-एसटीडीइन नावाची एक छोटी फाइल होती. कंपोजर पॅकेजं ठेवतो ते व्हेंडर फोल्डर वेबवरून उघडं असेल तर बाहेरचा कोणीही त्या फाइलला पीएचपी कोड पाठवून तो सर्व्हरवर चालवू शकत असे. २०१६ मध्येच हे दुरुस्त झालं आणि २०१७ मध्ये जाहीर झालं. तरी आजही कुठल्याही सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा, ती फाइल शोधत फिरणारे बॉट त्यात सापडतात. या ॲप्लिकेशनचं व्हेंडर फोल्डर थेट डॉक्युमेंट रूटमध्ये, म्हणजे वेबवरून दिसणाऱ्या फोल्डरमध्ये होतं. टेस्टचं काम बाजूला ठेवून आधी ते बाहेर काढलं.

मग पहिली टेस्ट. मुलाने सरळ बिल छापणारी फाइलच टेस्टमध्ये रिक्वायर केली. पहिली तक्रार आली सेशनची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवण्याच्या सोयीची: हेडर आधीच गेलेत, आता सेशन सुरू होणार नाही. काही छापलं की हेडर जातात, आणि पीएचपीयुनिट सुरुवातीलाच स्वतःचं नाव-व्हर्जन छापतं, म्हणून हे होतं. त्याने नेटवर शोधून एसटीडीइआरआरचा पर्याय लावला, म्हणजे पीएचपीयुनिटचं छापणं दुसऱ्या वाटेने जातं. तक्रार गेली. पुढच्या वेळी व्हर्जनची ओळ आली आणि लगेच प्रॉम्प्ट परत.

"मॅडम, पास झाली. लाल काहीच नाही."

लाल नव्हतं, पण हिरवंही नव्हतं. पास झालेल्या प्रत्येक टेस्टमागे एक टिंब उमटतं, इथे एकसुद्धा उमटलं नव्हतं, किती टेस्ट झाल्या त्याची शेवटची ओळही नव्हती. फाइलच्या वरच लिहिलेलं: लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानाकडे वळव आणि एक्झिट. टेस्टला कुठलं लॉगिन? एक्झिटने पीएचपीयुनिटसकट सगळी प्रोसेसच गुंडाळली. आणि बाहेर पडतानाचा कोड होता शून्य, म्हणजे मशीनच्या भाषेत सगळं आलबेल. हेच रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या कामात लावलं असतं तर महिनोन्महिने रोज "पास" आलं असतं, एकही टेस्ट न चालता. तेव्हापासून आमच्या स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोडबरोबर टेस्टची संख्याही तपासतो. ती कालच्यापेक्षा कमी आली तर काम थांबतं.

असल्या फाइलला टेस्ट लावण्यात अर्थ नसतो. आत दडलेलं गणित आधी बाहेर काढावं लागतं. एसआरसी फोल्डरमध्ये हिशोब नावाचा क्लास केला, त्यात एक फंक्शन: वजन, क्रेट, भाव आत, पैसे बाहेर. डेटाबेस नाही, सेशन नाही, आजची तारीखसुद्धा आतून विचारायची नाही, लागली तर बाहेरून द्यायची. मूळ ओळी होत्या तशाच उचलल्या, एकही स्पेस न सुधारता. हात शिवशिवतात, पण दुरुस्ती आणि हलवाहलव एकाच वेळी केली तर नंतर काय कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

एवढ्यातही दोन खड्डे लागले. फाइलचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत, क्लासचं मोठ्या. विंडोजवर झॅम्पमध्ये (लॅपटॉपवरच्या सर्व्हरच्या संचात) चाललं, लिनक्सवर क्लास सापडेना, कारण क्लासची फाइल आपोआप उघडणारा ऑटोलोडर फाइलचं नाव अक्षरशः तसंच शोधतो. दुसरा खड्डा कॉमेंटचा. पीएचपीयुनिट ९.६ मध्ये डेटा प्रोव्हायडर, म्हणजे टेस्टला एकामागून एक आकडे पुरवणारं फंक्शन, टेस्टच्या वरच्या कॉमेंटमध्ये लिहितात, आणि ती कॉमेंट स्लॅशनंतर दोन ताऱ्यांनी सुरू व्हावी लागते. मुलाने एकच तारा दिला. पीएचपीच्या लेखी ती साधी कॉमेंट, त्यामुळे प्रोव्हायडर दिसलाच नाही आणि "आर्ग्युमेंट कमी पडले" अशी चूक आली. एका ताऱ्यापायी पाऊण तास गेला.

आता मूळ दुखणं. आधीच्या प्रोग्रॅमरने कुठेतरी ऐकलं होतं की पैसे दशांशात ठेवू नयेत, पूर्णांकात पैसे करून ठेवावेत. सल्ला उत्तम. त्याने भावाला १०० ने गुणलं आणि इंटमध्ये कास्ट केलं, म्हणजे पूर्णांकात बदललं. इंट कास्ट जवळच्या पूर्णांकाला नेत नाही, दशांशानंतरचं कापून टाकतो. ६४.१० बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ च्या आकड्यांत, तंतोतंत बसत नाही, किंचित कमी बसतो. १०० ने गुणल्यावर ६४१० येत नाहीत, ६४०९.९९९९९९९९९९९९ येतात. कापले की ६४०९. किलोमागे एक पैसा गेला. २,३४० किलोला २३ रुपये ४० पैसे. स्क्रीनवरची रक्कम जावास्क्रिप्ट काढत होतं, त्यात पैशांत बदलणं नव्हतंच, भाव गुणिले वजन आणि शेवटी दोन दशांशांपर्यंत राउंड, म्हणजे जवळच्या आकड्याला नेणं. म्हणून स्क्रीन बरोबर, कागद चूक.

पण मग इतकी वर्षं कोणालाच कसं कळलं नाही? मी प्रोव्हायडरमध्ये ४०.१० पासून ९९.१० पर्यंत एकेका रुपयाने ६० भाव भरले आणि टेस्ट चालवली. त्या एका ओळीचा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. २४ टिंबं, मग सलग १८ एफ, म्हणजे नापास, मग परत १८ टिंबं. ६३.१० पर्यंत सगळे बरोबर. ६४.१० ते ८१.१० सगळे चूक. ८२.१० पासून पुन्हा सगळे बरोबर.

मुलगा म्हणाला हे अंदाधुंद आहे. अजिबात नाही. ६४ हा दोनाचा सहावा घात. तो ओलांडला की संख्येचा पूर्णांक भाग एक बिट जास्त घेतो आणि दशांशाला एक बिट कमी उरतो, म्हणून ६३.१० किंचित वर राउंड होतो आणि ६४.१० खाली. वरच्या टोकाला ८१९२ हा दोनाचा तेरावा घात. गुणाकार त्याच्या पुढे गेला की दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर दुप्पट होतं, आणि ती बारीक तूट राउंड होताना आपोआप भरून निघते. पॅकहाऊसचे भाव पूर्ण रुपयांत ठरायचे आणि पूर्ण रुपयाला हा त्रास नाहीच. तीन सीझनपूर्वी किलोमागे ९० पैसे मजुरी वजा करायला सुरुवात झाली. ६५ चा भाव ६४.१० झाला.

दुरुस्ती एका शब्दाची: कास्टच्या आधी राउंड. ६० टिंबं. जाता जाता असर्टइक्वल्स काढून सगळीकडे असर्टसेम घातलं, कारण दोन्ही उत्तरांची तुलनाच करतात, पण असर्टइक्वल्सला ६४१० हा आकडा आणि "६४१०" ही स्ट्रिंग एकच वाटते, आणि या ॲप्लिकेशनमध्ये डेटाबेसमधून येणारी प्रत्येक रक्कम स्ट्रिंग असते.

पावती क्रमांकाच्या टेस्टला डेटाबेस लागतोच. त्यासाठी वेगळा डेटाबेस केला, प्रत्येक टेस्टआधी ट्रान्झॅक्शन, नंतर रोलबॅक, म्हणजे टेस्टने केलेले बदल मागे घेणं. पहिल्यांदा पास, दुसऱ्यांदा नापास. रोलबॅक होतच नव्हता, कारण टेबलं डेटाबेसच्या जुन्या डम्पमधून (प्रतीमधून) आलेली, टेबल साठवणारं इंजिन मायआयसॅम, आणि मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन ठाऊक नाही. तो तसं ओरडूनही सांगत नाही. टेबलं इनोडीबीमध्ये बदलल्यावर ते शांत झालं. त्याऐवजी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मेमरीत चालवा असं बरेच जण सुचवतात, पण इथल्या क्वेऱ्यांमध्ये डेट-फॉरमॅट फंक्शन ठासून भरलेलं आणि एसक्यूलाइटमध्ये ते नाही.

संध्याकाळी दुरुस्ती सर्व्हरवर चढवायला घेतली आणि काकांना फोन केला. काका म्हणाले, "ताई, मग जुनी पट्टी परत छापली तर काय येईल?"

हे आमच्या डोक्यातच नव्हतं. ॲप्लिकेशन रक्कम साठवतच नाही. वजन आणि भाव साठवतं, पट्टी दरवेळी नव्याने काढतं. दुरुस्ती चढवली की गेल्या तीन सीझनच्या पट्ट्या बदलणार. बँकेतून गेलेली रक्कम एक, वहीत तीच, आणि परत छापलेल्या पट्टीवर दुसरी. काकांच्या दृष्टीने ही मूळ चुकीपेक्षा मोठी चूक. "जे दिलं तेच कागदावर दिसलं पाहिजे. चुकीचं असलं तरी."

म्हणून पावतीच्या टेबलात सूत्र नावाचा एक कॉलम आला. जुन्या सगळ्या नोंदींना १, नव्यांना २. हिशोबाच्या क्लासमध्ये दोन्ही सूत्रं शेजारी-शेजारी. आणि दोन टेस्ट. एकीचं म्हणणं, नव्या सूत्राने ६४.१० चे ६४१० पैसे झाले पाहिजेत. दुसरीचं म्हणणं, जुन्या सूत्राने ६४०९ च झाले पाहिजेत, आणि कोणी ते सुधारलं तर लाल.

"मॅडम, चुकीच्या उत्तराची टेस्ट?" मुलाने विचारलं. मी त्याला सांगितलं की टेस्ट बरोबर काय ते सांगत नाही, काय ठरलंय ते सांगते. त्या वेळी हे वाक्य मला चांगलं वाटलं होतं. त्या टेस्टच्या वर कॉमेंटमध्ये मी कारण सविस्तर लिहिलं, तरी दोन वर्षांनी येणारा माणूस ते वाचेल याची मला खात्री नाही. आणि वाचलं तरी त्याला हेच दिसणार की शेतकऱ्याला कमी पैसे देणारं सूत्र कोणीतरी टेस्ट लावून जपून ठेवलंय.

शेठना अहवाल पाठवला. त्यांनी पहिलं विचारलं, कव्हरेज किती टक्के, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालून जातो. कोणीतरी त्यांना तो शब्द सांगितलेला असणार. एक्सडीबग या साधनाने मोजलं तर चार टक्के आले, आणि ते खरे आहेत. उरलेले शहाण्णव टक्के म्हणजे मेनू, रिपोर्टचे रंग आणि लॉगिनचं पान. हिशोबाच्या क्लासचे शंभर. शेठना चार आवडले नाहीत.

जुन्या पावत्यांमध्ये कोणाकोणाला किती कमी गेले, ते काढणारी क्वेरी मी त्याच संध्याकाळी लिहिली. मजुरी वजा जाता भाव ६४.१० ते ८१.१० आणि पैसे दहा, एवढीच अट. ती कोडच्या रिपॉझिटरीत आहे, शेठना आणि काकांना पाठवलेली आहे. अजून ती चालवायला कोणी सांगितलेलं नाही.