ईकार नको, आकार हवा

गिरगावातल्या एका चाळीत, पेटीच्या खोक्याच्या तळाशी, हे पोस्टकार्ड सापडलं. ज्यांची पेटी ते वादक गेल्या वर्षी गेले. त्यांच्या लेकीचा फोन आला, "काका, तुम्ही गीतकारांची पत्रं जमवता ना? येऊन बघाल का?"

३१ वर्षं टपाल खात्यात काढल्यामुळे मी पत्रातला मजकूर आधी वाचतच नाही, पत्ता वाचतो. इथे नुसतं 'मुंबई ४' होतं. सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. तेव्हा जुन्या विभागाचा ४ शेवटी ठेवून गिरगाव ४००००४ झालं. म्हणजे कार्ड त्याआधीचं असणार. तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण जुना आकडा लिहायची सवय लोकांनी पुढेही कितीतरी वर्षं सोडली नव्हती. शिक्का पुसटलाय, पण भिंगातून ६९ स्पष्ट दिसतं.

वर 'सा. न. वि. वि.', खाली 'कळावे, लोभ असावा', आणि मधल्या जागेत एकाच ओळीची चर्चा. आपल्याकडे कितीतरी गाणी आधी चाल आणि मग शब्द अशी झाली. यातही तसंच. कडव्याच्या शेवटी वरच्या सुरावर चार मात्रा थांबायचं होतं आणि शब्द संपत होता ईकारावर. 'ई' म्हणताना तोंड मिटत येतं, चढा सूर बारीक आणि टोचरा होतो. 'आ'ला गळा मोकळा राहतो. म्हणून शब्द बदललाय. दोन्ही ओळींखाली मात्रांच्या उभ्या रेघा मारल्यात. जुन्या शब्दावरची काट इतकी हलकी, की खालचं सगळं वाचता येतं. नवा शब्द दोनदा लिहिलाय. पहिल्यांदा एक अक्षर शाईत फुटलं, म्हणून पुन्हा, सावकाश, सुटं सुटं.

सह्या जमवणारे माझे मित्र विचारतात, यात एवढं काय? मला तर गीतकार कवीपेक्षा वेगळा होतो तो नेमका इथेच दिसतो. आपला शब्द त्याला दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकू येतो.

पत्र लिहिणारे मराठी चित्रपटगीतांतलं फार मोठं नाव. ते आणि ती ओळ मी इथे देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांशी अजून बोलणं व्हायचंय. कार्ड माझ्याकडे असलं तरी त्यावरचे शब्द लिहिणाऱ्याचे, आणि त्याच्या पश्चात वारसांचे.

जपणूक मी एक पत्र गमावून शिकलो. १९९४ साली हाती आलेलं पहिलं पत्र मी कौतुकाने लॅमिनेट करून घेतलं. ते प्लास्टिक आता कडेने पिवळं पडलंय आणि कागदापासून सुटत नाही. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून पॉलिस्टरचं पाकीट, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि कपाट पावसाच्या भिंतीपासून हातभर लांब. मुंबईच्या जुलैत ही शाई नुसत्या दमट बोटानेही पसरते, आणि कसर लागली की कागदाची चाळण व्हायला वेळ लागत नाही. सेलोटेप तर कुणीही कधीही लावू नये.

लेकीने पैसे घेतले नाहीत. "फ्रेमला लावायला एक रंगीत झेरॉक्स द्या," एवढंच म्हणाली. मी निघणार तोच तिने पेटी पुढे ओढली. दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या, भात्यातून वारा सुटत होता. कार्ड समोर ठेवून तिने आधी काट मारलेला शब्द गाऊन पाहिला, आणि वरच्या सुरावर थांबून माझ्याकडे बघितलं. मग तीच ओळ नव्या शब्दाने घेतली, आणि श्वास पुरला तोवर तो 'आ' सोडला नाही.