नाताळ झाला की कलाकारांचं काय

नोव्हेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. ताई, कीबोर्डवाला आहे का कोणी, ताई, कॅरलला ढोलकी पाहिजे, ताई, नाटकाचा सेट कोण करून देईल, मेंढपाळांचे ड्रेस कुठे मिळतील, बॅनरवर चांगला तारा काढून देणारा पोरगा आहे का ओळखीचा. सगळे शोधून देते मी. मग नाताळ होतो, वॉचनाईट म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना होते, आणि जानेवारीत यातल्या एकालाही कोणी विचारत नाही की बाबा, जेवलास का, काम आहे का हाताला. मला हे फार खुपतं. आपल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या समुदायांना, कलाकार लागतात पण कार्यक्रमापुरते लागतात, आणि कलाकारांना ते बरोबर कळतं, म्हणूनच ते येतात, वाजवतात, जातात, आत बसत नाहीत.

आम्ही काही जण गेली काही वर्षं नागपुरात सदरमधल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत संध्याकाळी बसतो. कोण कोण येतं? चित्रकला महाविद्यालयातली पोरं, लग्नात ऑर्केस्ट्रात गाणारे, लाइटवाला एक, मेकअप करणारी एक, शाळेत ड्रॉइंग शिकवून रात्री स्वतःची चित्रं काढणारे एक सर. अर्धे ख्रिस्ती, अर्धे नाहीत. नियम म्हणाल तर एकच की इथे कोणाला गा म्हणायचं नाही. वाद्य घरी ठेवून या. कारण या लोकांना जिथं जावं तिथं कोणीतरी "एक होऊन जाऊ दे" म्हणतंच, नातेवाईकाच्या बारशात पण म्हणतं, आणि माणसाला कधीतरी नुसतं बसायचं असतं. आम्ही पोहे खातो, वर तर्री घालून, बोलतो, एखादा उतारा वाचतो, ज्याला प्रार्थना हवी त्याच्यासाठी करतो. ज्याला नको तो पोहे खाऊन जातो.

आता झाडीपट्टीचं सांगते, कारण नागपूरबाहेरच्या लोकांना याची कल्पना नसते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, हा सगळा धानाचा पट्टा, धान कापून झालं की दिवाळीपासून मंडई म्हणजे गावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात आणि गावोगाव नाटकं लागतात ती होळीपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथून बुकिंग होतं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं, गाणी लाइव्ह, हजारो माणूस थंडीत घोंगडी घेऊन बसलेलं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे शहरातल्या पेपरांनी जरा नीट दखल घेतली. नागपूरचे बरेच नट-नट्या सीझनला तिकडे जातात कारण वर्षाचे पैसे त्या चार महिन्यांतच मिळतात.

आमच्यात एक बाई आहे, तिकडे कामं करते. ती एका मंडळीची जन्मापासूनची सभासद. सीझनमध्ये ती रविवारी चर्चला कशी येणार, शनिवारची रात्र स्टेजवर जाते, गाडीतून परत यायलाच सकाळ होते. आणि मंडळीत कुजबुज काय, तर ही रात्ररात्र बाहेर असते, हिला उपासनेचं काही नाही. एका जानेवारीत मी तिच्या घरी गेले दुपारी, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, डोळ्यांच्या कोपऱ्यात काजळ तसंच, कानामागे मेकअपचा गुलाबी पट्टा राहिलेला, आणि मोबाइलवर रात्रीच्या नाटकाच्या वहीचे फोटो झूम करून करून पाठ करत होती कारण ऐनवेळी दुसरीचा रोल हिच्यावर आला होता. मला म्हणाली, "ताई, प्रभुभोजन घेऊन किती महिने झाले मला." बस एवढंच. तक्रार नव्हती, पण मला रात्रभर झोप नाही. मी पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगितलं, तर त्यांनी कुठलंच भाषण न देता विचारलं की ती दुपारी किती वाजता उठते. मंगळवारी दुपारी ते प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन तिच्या घरी आले. तिची सासू, ती, मी आणि पाळक, मधेच कुकरची शिट्टी. मला विचाराल तर कलाकारांमधली सेवा म्हणजे हेच, त्यांच्या घड्याळाप्रमाणे जाणं. आजारी माणसाच्या घरी आपण जातोच ना, मग रात्रपाळीवाल्याकडे का नाही?

आणि चितारओळ. महालमधली ही गल्ली नागपुरात कोणाला सांगायला नको, गणपती तिथले, दुर्गा तिथल्या. दिवाळीनंतर तिथं जरा मोकळीक असते म्हणून आम्ही नाताळच्या गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या, देखाव्याच्या मूर्ती एका दादांकडे करायला दिल्या. दरवर्षी बाजारातून तेच गुळगुळीत चेहऱ्यांचे पीओपीचे सेट येतात, निळी शाल, सोनेरी केस, त्यापेक्षा म्हटलं मातीच्या करू. दादांनी आधी गोष्ट सांगा म्हटलं. मी तिथंच स्टुलावर बसून बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय वाचला. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, हे वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. मग विचारतात, "बाळंतपण होऊन किती वेळ झाला या बाईला?" मी म्हटलं, त्याच रात्रीचं आहे दादा. "मग ही अशी हात जोडून ताठ गुडघ्यावर नाही बसणार जी. ही टेकून बसंल. अन् बाळ बापाच्या हातात देतो, तिला जरा दम खाऊ द्या."

तशीच केली त्यांनी मरिया. गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकलेली, एक तळवा जमिनीवर रोवलेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि योसेफ बाळाला असा धरून की नवख्या बापाला मान कुठं सांभाळायची ते कळत नाहीये. डोळ्यांची आखणी त्यांनी सगळ्यात शेवटी केली, ब्रश धरला तेव्हा आम्हाला बोलू पण दिलं नाही. मी जन्मापासून ही गोष्ट ऐकतेय, पाठ आहे मला, पण मरिया दमली असेल हे मला त्या माणसानं दाखवलं.

यावर आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतलीच, की गणपती करणाऱ्या हातांनी आपल्या मूर्ती कशा. मी त्यांचा आदर करते, पण मला हे पटत नाही आणि मी त्यांना तोंडावर सांगितलं. बायबलमधलं निर्गम ३१ काढून बघा, बसालेल नावाचा कारागीर. देवानं त्याला आपल्या आत्म्यानं भरलं असं लिहिलंय, आणि कशासाठी? सोनं, रुपं, पितळ यांचं काम करायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकूड कोरायला. उपदेशासाठी नाही. देव हातातल्या कसबाला इतकं मानतो तर आपण त्या दादांपुढे जरा नम्रतेनंच बसायला पाहिजे.

आणि हे काही मी नवीन काढलेलं नाही, आपल्याच शहरात जुनं आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला, त्याच्या नावानं कॉलेज आहे, सगळ्यांना माहीत. दगड, जीवाश्म गोळा करायचा तेही बऱ्याच जणांना माहीत. पण गोंडांचं त्यांच्या लिंगो या दैवताचं लांबलचक गाणं त्यानं ऐकून लिहून ठेवलं होतं हे आपल्या चर्चमधल्या पोरांना कोणी सांगत नाही. १८६३ ला तो नदीत बुडून गेला, कागद मागे राहिले, ते रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६६ मध्ये छापले. सांगायला आलेला माणूस आधी बसून ऐकतो, यात सगळं आलं माझ्या मते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकसुद्धा बाप्तिस्म्याआधी नागपुरात बुटी या श्रीमंत घराण्याकडे काम करत होते, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी भजन, कीर्तन, अभंग टाकले नाहीत, उलट तेच आपल्याला दिले, आपण आजही गातो. अँजेलो दा फोन्सेका, गोव्याचा चित्रकार, त्यानं मरियेला साडी नेसवली तर त्याच्याच माणसांनी टीका केली, आणि तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन चित्रं काढत राहिला. कोणीतरी त्याला खोली दिली म्हणून ती चित्रं झाली! खोली देणारे लोक पाहिजेत हो.

लोक विचारतात, धर्म बदलायला लावता का? आमच्याकडे येणाऱ्या एका पोराच्या आईनं हेच विचारलं, सरळ घरी येऊन. मी त्यांना सरळच सांगितलं की माझा येशूवर विश्वास आहे, तो मी लपवत नाही, तुमच्या मुलानं विचारलं तर सांगीन, पण त्याचे पोहे आणि त्याची खुर्ची त्याच्या उत्तरावर अवलंबून नाही. त्या नंतर दोनदा स्वतः येऊन बसल्या.

पैशाचं पण बोलतेच. "सेवा म्हणून करा" हे वाक्य कलाकारांनाच का ऐकवतात? मंडपवाल्याला देता, जनरेटरवाल्याला देता, केटररला अॅडव्हान्स देता, आणि रात्री तीन-तीन वाजेपर्यंत पडदा रंगवणाऱ्या पोराला शाल आणि बायबल. त्याला रूमचं भाडं आहे, रंगाची ट्यूब केवढ्याला येते ते बघा एकदा दुकानात जाऊन. ज्याला मनापासून फुकट करायचंय तो करेल, पण आधी पाकीट पुढे करा, मग त्याला नाही म्हणू द्या. आधीच बजेटमध्ये धरा ना, त्यात काय कठीण आहे.

आता तातडीचं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वेळा नाताळाच्या आसपासच येते आणि नागपूर केंद्रावरच्या टीमांना तालमीला जागा मिळत नाही, कोणाच्या गच्चीवर, कोणाच्या पार्किंगमध्ये चालतं, शेजारी ओरडतात मग बंद. आणि आपल्या चर्चचे हॉल सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. पंखे आहेत, बाथरूम आहे, पाणी आहे. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये हा विषय कोणीतरी घ्या. लाइट बिल आम्ही वर्गणी काढून देऊ, झाडून पण देऊ, नाटकाचा विषय काय म्हणून विचारू नका फक्त. तीन टीम आत्ताच जागा शोधतायत, ज्यांच्या मंडळीत जमण्यासारखं आहे त्यांनी मला कळवा, मी संध्याकाळी सातनंतर कधीही येऊन बोलायला तयार आहे.