हजेरीपट नको, पासबुक दाखवा

मागच्या जूनमध्ये एका दुपारी मी जुने हजेरीपट काढून फोन करायला बसले. गेवराई तालुक्यातल्या तीन कनिष्ठ महाविद्यालयांत आम्ही चौघी दरवर्षी बारावीच्या मुलांना शिष्यवृत्तीची माहिती द्यायला जातो. प्रोजेक्टर लावायचा, पत्रकं वाटायची, शेवटी प्रश्नोत्तरं घ्यायची. नंतर अहवालात लिहायचं, उपस्थिती अमुक इतकी. सहा वर्षं मी हेच लिहिलं. त्या दुपारी मात्र प्रत्येकाला एकच विचारायचं ठरवलं होतं: खात्यात पैसे आले का?

दुसराच फोन एका मुलीचा. आमच्या सत्रात पहिल्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घेणारी. म्हणाली, "ताई, फॉर्म भरला होता. मग सेंड बॅक आला." म्हणजे त्रुटी काढून अर्ज तिच्याकडे परत आला होता. उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा होता, त्याची मुदत 31 मार्चला संपलेली. हे तिला कळलं दोन महिन्यांनी. तोवर दसरा होऊन गेला होता, आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात. नवा दाखला काढायचा तर तलाठ्याकडे वडील हवेत. आधारचा ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर, आणि फडात फोनला रेंज नाही. तिला योजनेचं नाव पाठ होतं, उत्पन्नाची मर्यादा पाठ होती. आम्ही सांगितलेलं सगळं तिला येत होतं.

त्या आठवड्यात हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकली. एकाचा अर्ज मंजूर झाला, पण पैसे गेले कुणीतरी कधीतरी उघडून दिलेल्या दुसऱ्याच खात्यात, कारण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार त्या खात्याला जोडलेलं होतं. हातातल्या पासबुकावर आधार क्रमांक छापलेला असला तरी पैसे तिथेच येतील असं नाही. एका मुलीच्या घरी 2024-25 पासून "मुलींना सगळं फुकट" एवढंच पोहोचलं होतं. ती सवलत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशाला आहे. तिने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली आणि घरच्यांनी त्यासाठी ऊसतोडीच्या मुकादमाकडून जास्तीची उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ रक्कम, घेतली. हे ऐकून मी फोन ठेवला आणि त्या दिवशी पुढचा लावला नाही.

अमेरिकेतला एक प्रयोग मी पूर्वी वाचला होता, तो तेव्हा नीट समजला. 2008 साली ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिनात कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथल्या तिथे कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरून दिला. काही कुटुंबांना नुसती माहिती दिली, किती मदत मिळू शकेल त्याचा अंदाज सांगितला. नुसत्या माहितीने काही फरक पडला नाही. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्यांच्या बारावीतल्या मुलांपैकी पुढे किमान दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 28 वरून 36 टक्क्यांवर गेलं. कर भरताना दिलेली माहितीच अर्जात उतरवायची होती, उरलेल्या प्रश्नांना दहा मिनिटंसुद्धा लागत नव्हती.

आमच्याकडे दहा मिनिटांत होणार नाही, हे मला ठाऊक आहे. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज हे शेवटचं टोक. त्याआधी उत्पन्न, जात, नॉन क्रिमिलेअर, अधिवास, बँक. म्हणून या वर्षी एका कॉलेजात भाषण बंद केलं आणि आईबाप गावात असतानाच, मे महिन्यात, बैठक घेतली. सेतू केंद्रचालक शेजारी बसवला. पालकांनी फोन बरोबर आणायचा, ओटीपी तिथेच घ्यायचा, आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते तिथेच बघायचं.

निकाल बरा दिसतोय, पण मी लगेच हुरळणार नाही. मे महिन्याच्या उन्हात तीन तास बसणारे पालक मुळातच धडपडे असतात, त्यांनी कसंही करून दाखले मिळवलेच असते. शिवाय त्या कॉलेजातले लिपिक स्वतः मुलांच्या मागे लागून सेंड बॅक दुरुस्त करून घेतात. श्रेय बैठकीचं की त्यांचं, हे मला सांगता येत नाही. म्हणून येत्या मेमध्ये दुसऱ्या कॉलेजात अ आणि ब तुकडीची चिठ्ठी टाकणार आहोत. जिची चिठ्ठी निघेल तिची बैठक आधी, दुसरीची तीन आठवड्यांनी. कुणालाच वगळायचं नाही, कारण तो एक दाखला म्हणजे एखाद्या मुलीचं वर्ष असतं. फक्त त्या तीन आठवड्यांत कुणाचे दाखले निघाले आणि कुणाचे राहिले, हे दोन्ही तुकड्यांत मोजायचं.

अहवालाची वहीही बदलली आहे. उपस्थितीचा रकाना काढून टाकला. आता रकाने असे: दाखला निघाला, अर्ज गेला, सेंड बॅक आला तर किती दिवसांनी पाहिला, पहिला हप्ता कोणत्या तारखेला, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण केलं का. शेवटचा रकाना अजून सगळ्यांचाच रिकामा आहे. वहीत पहिलं नाव त्या पहिल्या रांगेतल्या मुलीचं लिहिलंय. तिचे वडील दिवाळीला दोन दिवस येणार आहेत, तेव्हा तलाठ्याकडे मी बरोबर जाणार आहे.