कोबा

नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलं की बायका आधी स्वयंपाकघर बघतात आणि पुरुष गच्चीवरची पाण्याची टाकी. मी दारात चपला काढते आणि उजवा तळपाय हळूच पुढे सरकवते. फरशी धरते का? सांधे लागतात का? भाचीला हे आता पाठ झालंय. परवा तिच्याच घरी, होमापुढे बसलेल्या गुरुजींच्या देखत ती म्हणाली, "मावशी, पाय आवर."

हे वेड लागलं 1976 च्या मे महिन्यात. मी नऊ वर्षांची होते. भुसावळला रेल्वेत असलेल्या मामांनी मुंबईहून चाकांचे बूट आणले. बूट म्हणजे काय, लोखंडी पट्ट्याच त्या. खाली चार लोखंडी चाकं, लांबी कमीजास्त करायला मधे एक नट, वर चामड्याचे पट्टे. शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांवर बांधायचे. मामांनी ते माझ्या हातात दिले, पोटभर आमरस खाल्ला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून गेले. चालवायचे कसे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्याहून मोठा प्रश्न होता, चालवायचे कुठे? आम्ही अमळनेरला राहायचो. गल्लीत खडी, अंगणात शेणाचा सडा. घरात शहाबादी, तिच्या दर सांध्याला चाक अडायचं. शेताचं तर नावच नको. आमची काळी जमीन मे महिन्यात अशी उलते की भेगेत वासराचा पाय जावा. गुळगुळीत म्हणावी अशी एकच जागा मला माहीत होती, जिनातला कोबा.

(माझ्या पुण्याच्या जाऊबाई 'आम्ही जिनात खेळायचो' म्हटलं की अजून दचकतात. त्यांच्यासाठी सांगते, जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना.)

हंगामात त्या पटांगणात बैलगाड्या आणि कापसाच्या गंज्या यांच्यामधून माणसाला वाट मिळायची नाही. होळीनंतर मात्र सगळं रिकामं. वडिलांच्या ओळखीचे एक जिभाऊ तिथे मुनीम होते. राखणदाराने मला फाटकात अडवलं तेव्हा ते आतून ओरडले, "खेळू दे पोरगीले, कोबा काय घसाई जाई का?"

कोबा घासला गेला नाही, गुडघे गेले. त्या दिवशी मला सरकीच्या दाण्याची ताकद कळली. लोखंडी चाकाखाली एक दाणा आला की चाक थांबतं, पाय थांबतो, आपण तेवढे थांबत नाही. थांबायचं कसं हेच मुळात माहीत नव्हतं, म्हणून मी कोपऱ्यात उरलेल्या कापसाच्या ढिगाचा नेम धरायची. जोरात जायचं आणि त्यात घुसायचं. घरी गेल्यावर आई वेणीतून कापूस वेचायची आणि मामांचा उद्धार करायची. पुढे कधीतरी वाचलं की अठराव्या शतकात लंडनमध्ये मर्लिन नावाचा एक कारागीर स्वतः बनवलेली चाकं पायाला लावून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्याने थेट भल्यामोठ्या आरशावर आदळला, असं सांगतात. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. बिचाऱ्याला कापूस मिळाला नाही.

वळायचं कसं, याचं उत्तर 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने शोधलं. त्याने चाकांच्या जोड्यांवर रबराची गादी अशी बसवली की अंग ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूला चाकं वळतात. त्याआधी सरळ जायचं, पुढचं नशिबावर. माझ्या स्केट्सनाही तसं रबर होतं, पण खानदेशच्या दोन उन्हाळ्यांत ते वाळून दगड झालं आणि मी पुन्हा 1863 च्या आधी जाऊन पोहोचले. शेवटी वडिलांनी टायरच्या जुन्या चपलेचे तुकडे कापून बसवले. बेअरिंगला रॉकेलची आंघोळ आणि वरून शिलाई मशीनचं तेल. इतकी सेवा मी पुढे नव्या स्कूटीचीही केली नाही.

लग्न होऊन धुळ्याला आले, बँकेत लागले. स्केट्स माळ्यावर गेले. मुलगी सहा वर्षांची झाली तसे खाली आले, म्हणजे ते नव्हे, नवे घेतले, पॉलियुरेथेनच्या चाकांचे. तिला शिकवताना शेजारची दोन पोरं आली, मग त्यांचे मित्र. मुलगी कंटाळून चित्रकलेकडे वळली. ती पोरं मात्र राहिली. पहिली तुकडी मला ताई म्हणायची, नंतरची मावशी. सध्याची आजी म्हणते.

शिकवण्यात माझं फारसं शास्त्र नाही. पहिले दोन दिवस चाकं फिरूच देत नाही, गवतावर उभं करते. टाचा जवळ, चवडे फाकलेले, बदकासारखं चालायचं. गुडघे वाकवायचे. पूर्वी मी 'चुलीपुढे बसायला निघाल्यासारखं' म्हणायची. आताच्या पोरांनी चूल कुठे बघितली? मग पडायला शिकवते, पुढे, पॅडवर. घाबरलेलं मूल ताठ होतं आणि मागे रेलतं, आणि मागे पडणं फार वाईट. मनगट नाहीतर माकडहाड. कुणी आपटलं की बाकीचे "पडना रे भो, पडना!" म्हणून नाचतात. मी त्यांना गप्प करत नाही. पडणाऱ्याला रडावं की हसावं हे ठरवायला तेवढा वेळ मिळतो.

गेल्या वर्षी, 2025 च्या सप्टेंबरात, चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने चीनमधल्या स्पीड स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत 1000 मीटर आणि 42 किलोमीटरची मॅरेथॉन, दोन्हींत सुवर्णपदक मिळवलं. त्या आठवड्यात माझ्याकडे चार नवी मुलं आली. मी मात्र 42 किलोमीटरवरच अडकले. म्हणजे धुळ्याहून अमळनेर गाठून वर थोडं! रस्ता तसा असता तर.

जागेचं दुखणं अजून तेच आहे. आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर छान सिमेंट होतं. तिचं सुशोभीकरण झालं आणि पेव्हर ब्लॉक आले. पेव्हर ब्लॉकवर स्केटिंग करणं म्हणजे दात वाजवत जात्यावर बसणं. मग एका मंगल कार्यालयाच्या मालकाने त्याचं पार्किंग दिलं. ट्रिमिक्स काँक्रीट, एकसंध, जिनाच्या कोब्याची आठवण यावी असं. अट एकच, लग्न नसेल त्या दिवशी. त्यामुळे आमचा क्लास पंचांगावर चालतो. दाट तिथी असल्या की सुट्टी. चातुर्मासात आमची चंगळ, आणि धुळ्याचा पाऊस तसा कुणाच्या खेळात फारसा आडवा येत नाही. अधिक मास आला तर पोरं पेढे वाटायच्या बेतात असतात.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सहाला खराटा घेऊन हजर असते. तांदळाच्या अक्षता चाकाखाली चिरडतात, चालून जातं. काही लग्नांत ज्वारीच्या अक्षता असतात. ज्वारी गोल. चाकावर चाक ठेवल्यासारखं पाऊल निसटतं, आणि मला सरकी आठवते.

माझ्या मावशी म्हणणाऱ्या तुकडीतली एक मुलगी मागच्या आठवड्यात आईबरोबर पत्रिका द्यायला आली. लग्न त्याच कार्यालयात. आई हळदीचं, जेवणावळीचं सांगत होती. मुलगी निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "मावशी, अक्षता तांदळाच्याच ठेवायला सांगितल्यात."