पट्टा फिरला, स्की अजून बोटयार्डात

पट्टा फिरला. बर्फावर चालवायला म्हणून बदलतोय ती मोटरसायकल लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, पुढचं चाक काढलेलं, आणि मागे चाकाच्या जागी तीन मीटरचा रबरी ट्रॅक. तिसऱ्या गिअरपर्यंत नेला, सुटला नाही, एका बाजूला सरकलाही नाही. आवाज मात्र भयंकर. शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बर्फ खंय आसा रे हांगा?"

प्रश्न रास्त आहे. पण आमचं काम बर्फावर जायच्या आधीच्या भागाचं आहे, आणि तो भाग डिचोलीत बसून बराच उरकता येतो, असं आता माझं ठाम मत झालंय. उलट दोन गोष्टी गोव्यातच सोप्या: खाणीवरचा कन्व्हेयर पट्टा जोडणारा माणूस आणि फायबरची होडी बनवणारा माणूस. बर्फाळ मुलखात हे दोघे शोधत फिरावं लागलं असतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी हिरो एक्सपल्स २००, चार व्हॉल्व्हवाली. पुढच्या चाकाच्या जागी एक रुंद स्की, मागच्या चाकाच्या आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या सांगाड्याच्या) जागी ट्रॅक. अमेरिकेत आणि कॅनडात अशी किट तयार मिळतात. टिंबरस्लेडचं नाव यात सगळ्यांना ठाऊक असतं, २०१५ मध्ये स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिसने ती कंपनी घेतली. किंमत हजारो डॉलरमध्ये, वर आयात शुल्क. आणि ती बांधलेली असतात साडेचारशे सीसीच्या, पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर देणाऱ्या मोटोक्रॉस गाड्यांसाठी. आपल्याकडे एकोणीस. त्यामुळे तयार किट परवडलं असतं तरी आपल्या गाडीला ते ओझंच झालं असतं.

"मग नुसते खिळ्यांचे टायर का नाही?" हे बऱ्याच जणांनी विचारलं. रॉयल एनफिल्डने २०२१ मध्ये हिमालयन दक्षिण ध्रुवावर नेल्या तेव्हा हाच मार्ग धरला होता. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ दातांवरून १३ वर आणलं, टायरला खिळे लावले, ट्यूबलेस करून हवा अगदी कमी ठेवली. कडक बर्फाला आणि गोठलेल्या रस्त्याला ते उत्तर बरोबर आहे. मऊ बर्फात गणित वेगळं होतं. टायरमध्ये १० पीएसआय हवा असेल तर जमिनीवरचा दाब साधारण तेवढाच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो. माझा ट्रॅक २६ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ११० सेंटिमीटर टेकणारा. गाडी, मी आणि जास्तीचं लोखंड मिळून २७० किलो धरले आणि त्यातले सत्तर टक्के मागे आले, तर दाब ०.०६ ते ०.०७. टायरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. बूट घालून उभा राहिलेला माणूस याच्या दुप्पट-अडीचपट दाब देतो. म्हणजे जिथे माझा पाय रुतेल तिथेही ट्रॅक वर राहायला हवा. हवा म्हणतोय, कारण हे कागदावर आहे.

आता पट्टा, कारण सगळ्यात जास्त डोकं त्यातच गेलं.

डिचोली-साखळी भागात कन्व्हेयर बेल्टचे तुकडे कुणाच्या ना कुणाच्या परसात सापडतातच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लिजांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि या सगळ्यात भरपूर माल भंगारात गेला. कुणी तो गोठ्यात अंथरलाय, कुणी पावसाळ्यात लाकडांवर टाकलाय. मी ज्यांच्याकडे गेलो ते फिटरमामा लोडिंग प्लांटवर पट्टे जोडायचं काम करायचे. मी हौसेने जाडजूड तीन-पदरी तुकडा उचलला होता. मामांनी तो हातात धरून वाकवायचा प्रयत्न केला आणि खाली टाकला. "हो पट्टो ल्हान चाकार वळचो ना. इंजिनाचो जीव वचतलो." पट्ट्यात जितके कापडाचे पदर जास्त, तितकं कमीत कमी चाक मोठं लागतं. माझं ड्राइव्हचं चाक जेमतेम १९१ मिलिमीटरचं. जाड पट्टा त्याच्याभोवती वळवण्यातच एकोणीसपैकी कितीतरी ताकद गेली असती. शेवटी दोन-पदरी, आठ मिलिमीटरचा पट्टा घेतला.

तो अख्खा रुंद ठेवला नाही. शंभर-शंभर मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, मध्ये साठची फट, आणि दोघींना आडवे जोडणारे दांडे. रशियात घरच्या घरी स्नोमोबाइल बनवणारे लोक वर्षानुवर्षं असंच करतात, आणि दांडे म्हणून पाण्याची काळी एचडीपीई पाइप मधोमध उभी चिरून वापरतात. ४० मिलिमीटरची पाइप आपल्याकडे बागायतदाराच्या दुकानात मीटरवर मिळते. चिरल्यावर वीस मिलिमीटर उंचीची पन्हाळी होते. ती पट्ट्यावर पालथी बसवायची, आत छोटी बुश ठेवून एम-६ बोल्टने आवळायची, खाली मोठा वॉशर. ड्राइव्हच्या चाकाचे दात मधल्या फटीतून वर येतात आणि दांड्यांना ढकलतात. पट्ट्याला खिडक्या पाडायची कटकट नाही. एक दांडा तुटला तर तेवढाच बदलायचा.

बोल्टची भोकं ड्रिलने पाडू नका. ड्रिल कापडाचे धागे ओढून बाहेर काढतं आणि तिथून पाणी आत शिरून पदर सुटायला लागतात. मामांनी सहा मिलिमीटरच्या स्टीलच्या नळीचं तोंड कानशीने धारदार केलं, ती नळीच ड्रिल मशीनला लावली, आणि साबणाच्या पाण्यात बुडवून बुडवून भोकं पाडली. प्रत्येक वेळी नळीतून रबराची एक गोल गोळी बाहेर पडायची, कडा अगदी गुळगुळीत. अंतरासाठी लोखंडी पट्टीचा एक जिग, म्हणजे मापाचा साचा, केला. दोन दांड्यांमधलं अंतर बरोब्बर शंभर मिलिमीटर लागतं. दर दांड्याला अर्धा मिलिमीटर चूक राहिली, तर एकतीस दांड्यांनंतर दीड सेंटिमीटरचा फरक पडतो आणि दात दांड्यावर चढतात.

पट्ट्याची दोन टोकं जोडणं हा मामांचा खरा हातखंडा. मी म्हटलं, एकावर एक ठेवून दोन दांडे मारू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललोच नाही. टोक तिरकं कापलं. वरचा पदर एका पायरीने मागे सोलला, खालचा तसाच ठेवला. दुसऱ्या टोकाला याच्या बरोबर उलट. सोललेल्या जागी वायरब्रश मारून खरखरीत केलं, पेट्रोलने पुसलं, सोल्यूशनचा हात दिला, सुकू दिलं, परत दिला. बोटाची मागची बाजू लावून बघत होते. चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला येता कामा नये. मग टोकं जुळवून मधून बाहेर हातोडीने ठोकत नेलं, हवा अडकू नये म्हणून, आणि रात्रभर दोन लोखंडी प्लेटांत आवळून ठेवलं. आज जोड कुठे आहे ते हात फिरवून कळत नाही. सगळा ट्रॅक बोल्टांसकट दहा किलोच्या आसपास भरला, एवढ्या हलक्यात काम होईल असं मला वाटलं नव्हतं.

गिअरिंगचा हिशेब मनासारखा जमला. मूळ मागचं चाक एका फेरीत सुमारे २.०४ मीटर जातं. माझं सहा दातांचं ड्राइव्ह एका फेरीत ०.६ मीटर. म्हणजे स्प्रॉकेट न बदलताच गाडी ३.४ पट खाली आली. रस्त्यावर जिथे ताशी ११० लागतात, तिथे आता ३२. काहींना हे हास्यास्पद वाटेल. पण सोलंग किंवा गुलमर्गच्या उंचीवर, म्हणजे अडीच हजार मीटर आणि वर, हवा विरळ. दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के ताकद जाते, असा ढोबळ हिशेब धरला तर एकोणीसचे चौदा उरतात. चौदा हॉर्सपॉवरच्या गाडीला बर्फात ताशी ३२ म्हणजे भरपूर. फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे उंचीवर कार्ब्युरेटरचे जेट बदलायची भानगड तरी नाही.

ट्रॅक रुंद असल्याने चेन सरळ मागे नेता येत नाही, तिला बाहेर काढावं लागतं. म्हणून मध्ये एक जॅकशाफ्ट, म्हणजे ताकद पुढे नेणारा आडवा शाफ्ट, आला, आणि तो स्विंगआर्मच्या पिव्हटच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवला. मागचा सांगाडा वर-खाली झाला तरी चेन ढिली-ताठ होत नाही. मागची डिस्कही याच शाफ्टवर आली. बेअरिंग यूसीएफ २०५, पिठाच्या गिरणीवाल्याकडेही मिळतील अशी.

किट बनवणाऱ्या कंपन्या ट्रॅकच्या आतून प्लास्टिकच्या घसरपट्ट्या देतात. बर्फच त्यांना थंड ठेवतो आणि वंगणही तोच. कोरड्या जमिनीवर त्या काही मिनिटांत तापतात, कारण असलं प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं. गोव्यात ट्रायल घ्यायची तर घसरपट्ट्या बादच. मी रोलर घातले, ६२०२ बेअरिंगवर, दोन्ही बाजूंना रबर सील. वजन वाढलं, आणि बर्फ रोलरमध्ये गोठून बसतो अशी तक्रार वाचलीय. पण इथे चालवून बघता येतं, ते मला जास्त मोलाचं.

चालवायचं कुठे? किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदेशीर आहे आणि ते योग्यच आहे, कृपया कुणी सुचवू नका. मावसभावाचं वायंगणाचं, म्हणजे हिवाळी भाताचं, शेत आहे, चिखलणीच्या आधी त्याने पाणी सोडलं आणि बांधापासून लांब राहायच्या अटीवर परवानगी दिली. पुढे तात्पुरती मरिन प्लायची स्की लावली होती.

ट्रॅकने काम केलं. घोट्याच्या वर रुतणाऱ्या चिखलात पहिल्या गिअरला गाडी उठली आणि सरळ निघाली. चाकाने तिथे कधीच खड्डा केला असता. ट्रॅकचा ताण मात्र चालवल्यावर सैल पडला, नवा जोड थोडा बसतो, मागच्या आयडलरच्या (नुसत्या फिरणाऱ्या चाकाच्या) बोल्टने परत ताणला. लाल माती दांड्यांच्या मध्ये भरते आणि निघत नाही. बर्फ निघेल का, ते बर्फच सांगेल. ऑइल कूलर असूनही इंजिन खूप तापलं, कारण वेग नाही आणि हवा तिशीपार.

वळायला मात्र गाडी तयार नाही. हँडल फिरवलं की स्की आडवी घसरते आणि गाडी सरळच जाते. प्लायच्या सपाट तळाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. एका स्कीच्या गाडीला खाली मधोमध कणा लागतो, बर्फात चिरत जाणारा. हे बोटयार्डात सांगायला गेलो तर अर्ध्या वाक्यातच समोरच्याने खडूने जमिनीवर कील काढून दाखवली. "होडी वाऱ्यान आडवी धांवता, तेंच न्हय?" तेच. आता १४० सेंटिमीटर लांब, २३ रुंद फायबरची स्की साच्यात आहे. कील पुढून मागे हळूहळू खोल होत जाणारी, तिच्या धारेवर १० मिलिमीटरची स्टीलची गोल सळई, झिजली की बदलता येणारी. स्कीचा दाब स्टिअरिंगच्या रेषेच्या मागे पडला पाहिजे, नाहीतर हँडल हातात थरथरतं. म्हणून ब्रॅकेटला मागे-पुढे तीन भोकं ठेवतोय. स्कीचं नाक खाली पडू नये म्हणून ट्रकच्या सस्पेन्शनमधला रबर ब्लॉक.

थंडीची तयारी अजून कागदावरच. पातळ ऑइल, कूलरला अर्धं झाकण, एअर फिल्टरवर फोमचं आवरण, ग्रिप हीटर. हीटरला अल्टरनेटर पुरेल का, ते मल्टिमीटर लावून बघेन.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून फ्रेमला कुठेही वेल्डिंग केलेलं नाही. सगळं मूळ बोल्टांवर बसतं आणि चाकं, स्विंगआर्म, मोनोशॉक परत लावता येतात. जातानाही तसंच. गाडी मूळ रूपात मडगावहून चंदिगडच्या संपर्क क्रांतीने पार्सल, टाकी रिकामी करून. ट्रॅक आणि स्की वेगळ्या लाकडी पेटीत. तिथून वर पिकअप.

चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत बोटयार्ड आणि मामा दोघेही हात लावणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. त्यानंतर साच्यातून स्की निघेल, आणि कील लावून त्याच शेतात, पीक आडवं येत नसेल तर, पुन्हा वळून बघायचं. मनालीच्या बाजूला जानेवारीत खाजगी, मोकळी, फार उतार नसलेली जागा कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. आणि २५ मिलिमीटर जाडीची यूएचएमडब्ल्यूची (झिजेला चिवट, घसरत्या प्लास्टिकची) शीट गोव्यात किंवा बेळगावात सुटी कापून देणारा कुणी माहीत असेल तर तेही. नायलॉनचे दात दांड्यांवर घासून पांढरी भुकटी पडायला लागलीय.