गावच्या अंगणवाडीसाठी चित्रपुस्तकं घेताना

इकडे अमेरिकेत राग, भीती, शांत बसणं अशा विषयांवरच्या चित्रपुस्तकांचे ढीग आहेत. दिवाळीत यवतमाळ-वाशीमकडे येणारे चॉकलेटांसोबत दोन-चार बॅगेत टाकतात. घेण्याआधी दुकानातच पुस्तक मागच्या बाजूनं उघडा. शेवटच्या पानावर 'म्हणून नेहमी आनंदी राहा' असं काही दिसलं की परत ठेवा. एका पानावर रडणारं पोरगं पुढच्याच पानावर हसत असेल, तरी ठेवा. राग चढायला आणि उतरायला दोन-तीन पानं तरी हवीत, आणि नेहमीच्या ३२ पानी पुस्तकात तेवढी जागा असते.

सगळ्यांत वाईट म्हणजे 'चांगला विचार केला की चांगलंच घडतं' छापाची. शेंगा भरायच्या वेळी पाऊस लागून सोयाबीन सडलं, त्या घरातलं लेकरू यातून एवढंच उचलेल, की आपलाच विचार कमी पडला. त्यापेक्षा पतंग पडल्यावर शेपटी लांब करून पाहणारा, मग ताईला विचारणारा नायक बरा. पतंग शेवटी उडाला नाही तरी चालेल.

मग मजकूर हातानं झाका. नुसत्या चित्रांवरून, म्हणजे चेहरा, खांदे, मुठी पाहून, काय चाललंय ते कळलं पाहिजे. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना पानाला एक-दोन ओळी पुरतात. शब्दच नसलेली पुस्तकं सर्वांत सोयीची. अंगणवाडीताई सरळ वऱ्हाडीत सांगू शकतात.

माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ता काय जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणाऱ्या, पुस्तकांत बर्फ फार पडतो. तिथं थांबून टिनावरचा पाऊस ऐकायला लावा. मनुका हळूहळू चाखण्याचा सराव बऱ्याच ठिकाणी असतो, पण लहानग्यांच्या घशात मनुका किंवा बोर अडकू शकतं. बिया काढून, बारीक तुकडे केलेली संत्र्याची फोड द्या: आधी वास, मग जीभ, मग चावणं. श्वासाच्या पानावर तीन मोजेपर्यंत आत, चार मोजेपर्यंत बाहेर, असं तीनदाच. श्वास रोखायला सांगू नका. पोरं चढाओढीनं जोरात फुंकतात आणि चक्कर येते. डोळे मिटायची सक्तीही नको, काही मुलं त्यालाच घाबरतात.

बॅगेत जागा नसेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीविव्हर' या वेबसाइटवर (सुरुवात २०१५) मराठी गोष्टी फुकट मिळतात, वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेल्या, आणि छापायलाही परवानगी आहे. फक्त काळी-पांढरी झेरॉक्स काढण्याआधी चित्रं बघून घ्या. लाल म्हणजे राग, निळं म्हणजे उदास, असं रंगांवर चालणारं पुस्तक झेरॉक्समध्ये मेलंच समजा. ए-फोर कागद दुमडून केलेली पुस्तिका सहा-सात मुलांनाच नीट दिसते. वर्गात पंचवीस असतील तर गट पाडा, नाहीतर मागची पोरं एकमेकांना चिमटे काढत बसतात.