बारस सोडायला बार्शीला

मे महिन्यात सोलापुरातून बाहेर पडायचं तर लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही गेलो बार्शीला. हसू नका. वैशाख शुद्ध द्वादशीला तिथल्या भगवंताचा, म्हणजे विष्णूचा, प्रकट दिन असतो आणि त्याच्या आगेमागे अख्खं गाव उत्सवात असतं. माझी आत्या लग्न होऊन तिथे गेली त्याला तीस वर्षं झाली, दरवर्षी बोलावते आणि दरवर्षी मी "आत्या ऊन लै आहे गं" म्हणून टाळतो. यंदा म्हणाली, "ऊन काय सोलापुरात नाही का रे?" यावर उत्तर नव्हतं.

अंतर सत्तरेक किलोमीटर. सहाला निघायचं ठरलेलं, पश्या उठला सातला, म्हणजे आठ वाजता आम्ही बाईकवर. नान्नज मागे पडलं आणि मागचा टायर बसला. नान्नज म्हणजे आमच्याकडे दोन गोष्टींसाठी फेमस, सोनाका द्राक्षं आणि माळढोक पक्षी. अभयारण्य १९७९ पासूनचं आहे पण माळढोक काही रस्त्यावर येऊन उभा राहत नाही, आम्हाला दिसल्या फक्त शेळ्या आणि लांबपर्यंत पिवळं पडलेलं माळरान. दीड किलोमीटर गाडी ढकलली तेव्हा कुठे लिंबाखाली एक पंक्चरवाला सापडला. त्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे आले तिथे अंगठा दाबला, मग टायरमध्ये हात घालून बाभळीचा हा एवढा काटा काढून पश्याच्या हातावर ठेवला. "ठेवा, आठवण म्हणून." वर अजून एक भोक निघालं. म्हणजे अजून अर्धा तास.

तेवढ्यात आत्याचे चार फोन. "अरे कुठायस? आज बारस आहे, द्वादशी संपायच्या आत जेवायचं असतं!" तिचा आदल्या दिवशीचा एकादशीचा उपास, आणि आम्ही आल्याशिवाय ती ताटावर बसणार नाही. म्हणजे पंक्चर आमचं आणि उपाशी ती.

यातली गंमत मला नंतर कळली. बार्शीच्या भगवंताची सगळी गोष्टच या जेवायच्या वेळेवरून झालेल्या भांडणाची आहे. अंबरीष राजाचं एकादशीचं कडक व्रत. द्वादशीला पारणं फेडायच्या वेळी दुर्वास ऋषी आले, आंघोळ करून येतो म्हणून गेले ते गेलेच. इकडे द्वादशी सरायला आली. पाहुण्याआधी जेवला तर अपमान, नाही जेवला तर व्रत मोडतंय, म्हणून राजाने नुसतं तीर्थ घेतलं. तरीही दुर्वास भडकले आणि मग भक्तासाठी विष्णू धावून आला, तो हा भगवंत. म्हणूनच त्याला अंबरीष वरद म्हणतात, देवाच्या नावाआधी भक्ताचं नाव. आत्याच्या गोष्टीत दुर्वास कोण होता हे तिने माझ्याकडे बघून सांगितलं.

पोचलो तेव्हा साडेअकरा. हातपाय धुतले की थेट ताट. ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, कैरीची डाळ, आमरस, शेंगाची चटणी. आत्याने पहिला घास घेतला आणि मगच आमच्याशी नीट बोलली.

ऊन उतरल्यावर देवळात गेलो. देऊळ हेमाडपंती, १२४५ सालचं सांगतात, चारही दिशांना दरवाजे, मुख्य पूर्वेला. त्या दिवशी चारही दरवाजांतून माणसं आत येत होती, बाहेर कुठून पडत होती कळत नव्हतं. गुलाल, झेंडूचा वास, घाम, कुणाच्या तरी हातातला प्रसादाचा द्रोण माझ्या शर्टवर सांडला. गाभाऱ्यापाशी मिळाले जेमतेम दहा सेकंद. काळ्या पाषाणाची मूर्ती, मस्तकावर शिवलिंग. विष्णूच्या मस्तकावर शंकर! छातीवर भृगू ऋषींच्या पावलाची खूण आहे आणि लक्ष्मी पाठीशी आहे, पण हे सगळं आत्या मागून कानात सांगत होती, मला दिसलं ते शिवलिंग आणि तुळशीचे हार. पंढरपूरची एकादशी करून बारस सोडायला इथे यायची जुनी पद्धत आहे, म्हणून बारसवरून बार्शी, असं आत्याचं म्हणणं. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, म्हणाले की बारा शिवमंदिरांवरून बार्शी. तीस वर्षं हे भांडण चालू आहे, मी पडलो नाही.

मामांचा जीव खरा रेल्वेत. देवळातून निघालो तर चहाच्या गाड्यावर सुरूच झाले. सोलापूरला गाडी आली १८६० ला, आमच्या बार्शीला १८९७ ला, पण आमची गाडी वेगळी. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने बांधलेली बार्शी लाईट, रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये पार मिरजेपर्यंत गेली. आणि हे सांगताना ते ग्लास खाली ठेवून म्हणाले, "कुर्डुवाडीला काय म्हणायचे माहितीय? बार्शी रोड!" म्हणजे जंक्शन त्यांचं, नाव आमचं. पश्याने विचारलं, चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायचं म्हणे? मामा म्हणाले, हे प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात, आम्ही कधी उतरलो नाही, तिकीट काढलेलं असायचं. आता ब्रॉडगेज आहे, ते बरंच झालं म्हणतात, पण तोंड तसं होत नाही त्यांचं.

संध्याकाळी पाळणे, भेळ, खेळण्यांचे स्टॉल, तो भाग कुठल्याही जत्रेसारखाच. पण मंडपात कीर्तन होतं आणि भुसार बाजारातले हमाल दिवसभर पोती उचलून तसेच येऊन पुढे बसले होते. एकजण झोपला होता, टाळ वाजले की तेवढ्यापुरता उठून टाळी वाजवायचा, परत झोपायचा.

रात्री साडेदहाला घरी. आईने उत्सव कसा झाला, दर्शन झालं का, काही विचारलं नाही. "बार्शीची तूरडाळ आणलीस?" आत्याने दोन किलो बांधून दिली होती, ती तिथेच कट्ट्यावर राहिली. आत्याला फोन केला तर म्हणाली, दिसली मला, उद्या एसटीने पाठवते, पण स्टँडवर वेळेत जा बाबा.